एक थाप, दोन थापा

गल्लीत तिला सगळे शिवणवाल्या काकू म्हणायचे, पण घरात तिचं नाव कंडक्टर. नवरा ड्रायव्हर म्हटल्यावर बायको दुसरी कोण असणार? त्याने जन्मभर बस चालवली आणि हिने जन्मभर मागे उभं राहून त्याला गाडी मागे घेऊ दिली. मुक्कामाची बस तो घरापुढेच लावायचा, आणि तिथला रस्ता चिंचोळा. हॉर्न वाजला की मशीनवरचं कापड तसंच टाकून ही बाहेर धावायची. बसच्या पाठीवर दोन थापा म्हणजे येऊ द्या, एक थाप म्हणजे थांबा. तोंड उघडायची गरज नाही. गाडीला कधी साधा ओरखडा आला नाही. डेपोतले लोक म्हणायचे, याच्या पाठीला डोळे आहेत. डोळे होतेच की, पण ते मागे कात्री हातात घेऊन उभे होते.

निवृत्त झाल्यावर त्याने भंगारात निघालेली एक छोटी बस घरी आणली. सीटा उपटल्या, दोन पलंग ठोकले, शेगडी बसवली, हात धुवायला बेसिनसुद्धा. पडदे हिने शिवले. तो त्या गाडीला बंगला म्हणायचा. बंगला न्यायचा होता तळ्याकाठच्या रस्त्याने. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि ठिकठिकाणी पायवाटेने चढून गेलं की धबधबा. त्यातल्या सगळ्यात मोठ्या धबधब्याचं चित्र तिच्या मशीनसमोरच्या भिंतीवर कित्येक वर्षं चिकटवलेलं होतं. "दाखवतो तुला," असं तो दर वर्षी म्हणायचा, आणि दर वर्षी सुट्टी कुठेतरी दुसरीकडेच खर्ची पडायची.

तर शेवटी निघाले एकदाचे. आणि काय सांगावं, पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "बोलत राहा गं. तू बोललीस की बरं वाटतं."

ही चाटच पडली. गाडी चालवताना तोंडाची टकळी बंद ठेव, असं सांगत आलेला माणूस हा! मग काय, हिने सुरू केलं. बघा, पुढे वळण आहे, बघा, तो ट्रक काय रंगवलाय, बघा, पाटीवर फाटा लिहिलाय. तो हसून ऐकायचा. पहिल्या धबधब्याच्या वाटेवर तर त्याने तिचा हात धरला. भर लोकांत. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्याने असा हात धरला नव्हता. या वयात लाज वाटली तिला, पण हात काही तिने सोडवून घेतला नाही. मनात म्हणाली, उशिरा का होईना, सुचलं म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी तळ्याच्या वळणावर सायकलवरची एक लहान मुलगी समोर आली. उन्हात, लाल फ्रॉक घातलेली, लांबूनही दिसेल अशी. ही किंचाळली तेव्हा कुठे त्याने ब्रेक दाबला. मुलगी हसत निघून गेली.

"आडवीच आली की एकदम," तो म्हणाला.

आडवी आली नव्हती ती. सरळ समोरून येत होती.

मग एकेक गोष्ट तिला लख्ख दिसायला लागली. कपाबाहेर सांडलेला चहा. उलटा घातलेला स्वेटर. बोलत राहा म्हणणं. आणि तो हात. सगळ्यात जास्त जिव्हारी लागलं ते हाताचं. तिला वाटलं होतं प्रेम, आणि त्याला पायरी चुकू नये म्हणून आधार हवा होता. बाई गं, किती खूश झाली होतीस तू, असं तिने स्वतःलाच सुनावलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले. पुसायची तरी काय गरज होती, त्याला दिसणार थोडंच होतं.

त्याला गाडी सोडा म्हणणं म्हणजे काय, हे तिच्याइतकं कोणाला कळणार? स्टीअरिंग सोडलं तर त्या माणसाकडे उरणार काय? आणि तसं म्हटलं नाही, तर पुढच्या वळणावर आणखी एखादी सायकल. दिवसभर तिचा जीव टांगणीला लागला होता.

संध्याकाळी ऊन उतरायच्या आधी ते चित्रातल्या धबधब्यापाशी पोचले. समोरासमोर दोन कडे. पाणी डावीकडच्या कड्यावरून कोसळत होतं आणि त्याचा आवाज उजवीकडच्या कोरड्या कड्यावर आपटून परत येत होता. तो कठड्याला टेकला आणि उजवीकडे तोंड करून, कोरड्या खडकाकडे बघत म्हणाला, "केवढं पाणी आहे! दाखवला की नाही तुला?"

"दाखवलात," ती म्हणाली.

इतकं खुशीत तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं.

सकाळी निघायचं म्हणून तो गाडी मागे घ्यायला बसला. वाहनतळावर बऱ्याच गाड्या लागलेल्या, पोरं खेळत होती. ही सवयीने मागे जाऊन उभी राहिली. दोन थापा. गाडी सरकली. मागे भरपूर मोकळी जागा होती, आणखी एक बस मावली असती. तिने हात उचलला आणि एकच थाप मारली.

गाडी जागच्या जागी थांबली. ती पुढे आली, खिडकीखाली उभी राहिली.

"मागे जागा आहे ना अजून?" त्याने विचारलं.

"आहे."

त्याने इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि खिडकीतून बाहेर धरली, तिच्या हातापासून जरा बाजूलाच.

"किती उशीर केलास," तो म्हणाला. "डोळ्यांच्या डॉक्टरांनी निघायच्या आधीच सांगितलं होतं, नस वाळत चाललीय. माझ्याच्याने सोडवत नव्हतं. तू कधी थाप मारतेस याची वाट बघत होतो."

ती जावयाला फोन करून आली. गाडी चालवत घरी न्यायला जावई बसने येणार होता, दुपारपर्यंत. दोघं बंगल्याच्या पायरीवर बसले. या वेळी हात तिने धरला.

"धबधबा डावीकडे होता ना?" त्याने विचारलं. "रात्री पडल्या पडल्या विचार करत होतो. पाण्याचे तुषार डाव्या गालावर येत होते."

"हो."

"मग सांगायचंस की."

"तुम्ही इतके खूश होतात."

तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, "बरं, आता सांग. कसा होता? नीट सांग, चित्रातल्यासारखा होता का?"

तिने सांगायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, तिनेही तो पाहिलाच नव्हता. ती सगळा वेळ त्याच्याकडेच बघत होती. मग तिने भिंतीवरचं चित्र आठवून आठवून सांगायला सुरुवात केली, आणि तो मन लावून ऐकत राहिला.