येऊ द्या, येऊ द्या

खालच्या मजल्यावरच्या साठ्यांची गाडी मागे घेताना जी धून वाजते, ती एका इटालियन संगीतकाराच्या ऑपेरातली आहे. ही माहिती मला शेजारच्या टिळेकरांनी दिली, नाक मुरडून. टिळेकर संगीताचे जाणकार आहेत. असं ते स्वतःच सांगतात. "लोकप्रिय होता हो," ते म्हणाले, आणि 'लोकप्रिय' हा शब्द त्यांनी चहात माशी सापडावी तसा तोंड वाकडं करून उच्चारला. "हातगाडीवाल्यांनी शिटीवर वाजवाव्यात असल्या चाली. शेवटी काय झालं? रिव्हर्स हॉर्न!"

मग मी त्या संगीतकाराचं चरित्र वाचलं. गावच्या चर्चमध्ये बाजा वाजवणारं घराणं, तरुणपणी एका प्रयोगाला उडालेली हुर्यो, पुढे देशोदेशीची गर्दी, आणि जन्मभर पाठीला लागलेले टिळेकर. प्रत्येक शहरात एक तरी होताच. ही चाल उथळ, ती रडकी, असं त्यांनी पानंच्या पानं लिहिलं. त्यातली एकही ओळ आज कुणाला आठवत नाही.

काल साठे गाडी मागे घेत होते. टिळेकर आपणहून पुढे झाले आणि हात हलवू लागले, "येऊ द्या, येऊ द्या..." धून वाजतच होती. हळूहळू त्यांचा हात लयीत फिरायला लागला, मान डोलली, डोळे मिटले.

"बास!" ते म्हणाले, बरोबर समेवर.

गाडीमागची त्यांचीच कुंडी दोन मात्रा आधी फुटली होती.