यशवंतच्या शोकसभेत जळालेला अॅम्प्लिफायर

मार्चमधला दुसरा रविवार, सकाळचे साडेदहा. जागा, वाशिममधल्या आमच्या वस्तीतल्या विहारासमोरचं पटांगण. जमलेली वर्गणी चौदा हजार सहाशे रुपये. हजर होते गाण्याच्या पार्टीचे मालक आणि मुख्य गायक दादाराव, पार्टीतले वादक, भाषणाला खास बोलावलेले एक पुढारी, शाळेतले शिक्षक, वस्तीतली शंभरेक माणसं, माझी मेहुणी सुनंदा, तिची मुलगी प्रज्ञा आणि मी. निमित्त होतं माझा साडू यशवंत याच्या शोकसभेचं. पेशानं शिक्षक, आणि दादारावांच्या पार्टीत वीस वर्षं बास गिटार वाजवणारा. त्याआधी तीन आठवडे, शिरपूरजवळच्या त्याच्या शाळेत परिपाठ चालू असताना त्याच्या छातीत कळ आली आणि वाशिमला आणेपर्यंत सगळं संपलं. मला फोन आला तेव्हा मी दारात गव्हाचे कट्टे उतरवून घेत होतो. किती उतरले ते मला आजही सांगता येत नाही, आणि माझ्यासारख्या पै-पै मोजणाऱ्या माणसाला हे सांगावं लागतं यातच काय ते आलं. यशवंत गेल्याचं दुःख माझं मी पाहून घेईन... पण त्या सभेची मला जी किळस आली, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही.

फ्लेक्सवर बत्तीसशे रुपये गेले. त्यावर पुढाऱ्यांचा फोटो यशवंतच्या फोटोच्या दुप्पट होता. मंडप आणि खुर्च्या साडेपाच हजार, पुढाऱ्यांची शाल, श्रीफळ आणि गुच्छ एकोणीसशे, चहा-नाश्ता एकोणतीसशे. आवाजाच्या व्यवस्थेला एक पैसाही नाही, कारण ती फुकट करायचं ठरलं होतं. आदल्या दिवशी दादारावांनी दोन माणसं सुनंदाकडे पाठवली. सभेत मास्तरांच्याच अॅम्पमधून आवाज निघाला पाहिजे, वस्तीची तशी भावना आहे, असं त्यांनी तिला सांगितलं. घरात सुतक अजून न फिटल्यासारखी शांतता, दारात दोन माणसं हात जोडून उभी... तिनं नाही म्हणायला हवं होतं, पण कोण म्हणतं? त्यांनी अॅम्प्लिफायर नेला, त्याची स्पीकरची पेटी नेली. सोबतचा स्टॅबिलायझर आणि यशवंतनं स्वतः बनवलेला वायरचा बोर्ड जड होता, तो ठेवून गेले.

बास गिटारचा अॅम्प म्हणजे लाउडस्पीकर नव्हे, एवढंही त्या लोकांना कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. दादाराव वीस वर्षं त्या अॅम्पशेजारी उभे राहून गात होते. तरी त्यांनी त्याला दोन माइक जोडले, मोबाइल जोडला, आणि आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचेना म्हणून मंडपवाल्याचे दोन उभे स्पीकर त्याच एका अॅम्पच्या मागे लावले. वीज खांबावरून आकडा टाकून घेतलेली. पुढारी बोलायला उभे राहिले. यशवंतच्या गोड गळ्यानं हजारो रसिकांना कसं वेड लावलं होतं ते सांगू लागले. यशवंत आयुष्यात एक ओळ गायला नाही. त्याच वेळी मला जळका वास आला. शेजारचा माणूस म्हणाला, अगरबत्तीचा असेल. प्रज्ञा उठून पिन काढायला धावली, तर पार्टीतल्याच एकानं तिचा दंड धरून तिला खाली बसवलं, भाषण चालू आहे म्हणून. मग अॅम्पमधून एक घरघर निघाली आणि सगळं बंद पडलं. पुढाऱ्यांनी माइकवर बोटानं टकटक केलं, मंडपवाल्यानं एक भोंगा आणून लावला, आणि श्रद्धांजली पुढे सुरू राहिली. माणसाच्या मरणावर जमलेल्या माणसांनी त्याची सगळ्यात जपलेली वस्तू त्याच्या बायकोसमोर जाळली, आणि कुणाचा चहा थंड झाला नाही.

तो अॅम्प यशवंतनं किती जपला होता, ते मी पाहिलेलं आहे. कार्यक्रम कुठलाही असो, तो इतरांच्या तासभर आधी पोचायचा. पहिल्यांदा मीटर लावून वीज किती येते ते बघायचा. खेड्यातल्या मंडपात अर्थिंग नसतंच, म्हणून लोखंडी सळई जमिनीत ठोकायचा, तिच्या बुडाशी मीठ आणि पाणी टाकायचा आणि तिथून बोर्डाला वायर आणायचा. मग स्पीकरची वायर, मग गिटारची, आवाजाची सगळी बटणं शून्यावर, आणि बटण दाबायचं ते सगळ्यात शेवटी. आटोपताना हेच उलट्या क्रमानं, आणि अॅम्प गार झाल्याशिवाय त्यावर झाकण नाही. त्याला कुणी घाई केलेली चालत नसे. एरवी शाळेतली पोरंसुद्धा त्याच्यावर ओरडून जायची, इतका मऊ माणूस. पण त्या अर्ध्या तासात तो कुणाचा नव्हता.

जऊळक्याच्या एका लग्नात मी त्याच्याबरोबर होतो. नवरदेवाचा मामा, अंगात सफारी, केव्हाचा घाई करत होता. हा आपला सळई ठोकतोय. शेवटी मामा म्हणाला, "मास्तर, गाणं वाजवायले आले का इहीर खंदायले?"

यशवंतनं मान वर केली नाही. "इहीरच समजा. पानी मात्र तुमीच आना, एक बकेट."

मंडपातले लोक हसले, मामाही हसला, आणि खरोखर बादली घेऊन आला. येताना मोटारसायकलवर मी यशवंतला म्हणालो, एवढं कायले करतोस, बाकीच्या पार्ट्या तर नुसती पिन खुपसून मोकळ्या होतात. तो म्हणाला, "साडूभाऊ, मी ज्या तारेले हात लावतो, त्याच तारेले उद्या माही पोरगी लावन."

प्रज्ञा तेव्हा आठवीत होती. बास गिटारच्या जाड तारांनी तिची बोटं सोलली जायची आणि सुनंदा हळद लावताना नवऱ्याला बोलणी द्यायची. आता ती अकोल्याला नर्सिंग शिकते, आणि वाजवते ती बापापेक्षा स्वच्छ, हे मी नातेवाईक म्हणून सांगत नाही. गेल्या वर्षी दोन कार्यक्रमांत यशवंतच्या जागी तीच उभी राहिली होती. अंत्यसंस्काराच्या दिवशी दादारावांनी चार लोकांदेखत तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला होता की चौदा एप्रिलच्या जयंतीला बास तूच वाजवायचा. बाप गेल्यावर त्या मुलीजवळ धरून ठेवायला एवढी एकच गोष्ट होती. ती जेवत नव्हती, पण रोज दोन तास वाजवत होती.

सभेनंतर आठ दिवसांनी दादाराव घरी आले. मी तिथंच होतो. ते प्रज्ञाकडे न बघता सुनंदाशी बोलले. म्हणाले, "वहिनी, आता अॅम्पच नाई राह्यला, तं पोरीले उभं कुठं करू? कीबोर्डवाला डाव्या हातानं बास काढून घेते. पुढल्या वर्षी पाहू."

ज्यानं अॅम्प जाळला तोच अॅम्प नाही म्हणून सांगत होता, आणि सांगताना बशीतला चिवडा खात होता. मी सभेच्या शिलकीचं विचारलं. अकराशे उरले होते. त्यातून पुढाऱ्यांना द्यायचं स्मृतिचिन्ह सांगून झालं होतं. माझ्या तोंडून शिवी जाईल म्हणून मी उठून अंगणात गेलो. प्रज्ञा तिथं उभी होती. म्हणाली, "मोठेबाबा, तुमी काई बोलू नका. मी जातो अकोल्याले." वऱ्हाडात मुलीही 'जातो' म्हणतात, पण त्या दिवशी ते मला ऐकवलं नाही.

पुढे जे झालं ते सुनंदानं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ऑटो बोलावला, सभेनंतर घरी आणून टाकलेला जळका अॅम्प आणि स्पीकरची पेटी त्यात घातली आणि थेट दादारावांच्या घरी गेली. मला फक्त सोबत चला म्हणाली. जयंतीच्या सुपाऱ्या घ्यायचे दिवस, त्यांच्या बैठकीत तीन गावांची माणसं बसलेली. सुनंदानं ऑटोवाल्याकडून अॅम्प आणि पेटी दोन्ही बैठकीच्या मधोमध ठेवून घेतलं. जळकट वास अजून येत होता. ती म्हणाली, "भाऊ, हा तुमच्या सभेचा आवाज. आमच्या घरी याचा वास मारते. दुरुस्त झाला का घेऊन येजा, अन् पोरीले त्याच्याच संग नेजा." एवढं बोलून ती ऑटोत जाऊन बसली. दादाराव माझ्याकडे बघत राहिले. मी तिच्या मागोमाग निघालो.

पेटी त्यांनी लगेच हलवली असेल असं मला वाटलं होतं. पण त्यांच्याच आईनं ती हलवू दिली नाही, असं नंतर कळलं. विधवेनं ठेवलेली वस्तू पायरीखाली टाकायची नाही, म्हातारीचं म्हणणं. सुपारी द्यायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, हे काय जळलं? चौथ्या दिवशी दादाराव कारंज्याला सलीमभाईंकडे अॅम्प आणि पेटी घेऊन गेले. सलीमभाई यशवंतचे जुने मित्र. त्यांनी मला फोन करून सगळं सांगितलं. झाकण उघडून ते म्हणाले होते, "दादाराव, एका बैलाले तीन गाड्या जुपल्या तुमी. बैल मेला, अन् वरून विचारता, काहून मेला?" दुरुस्ती, नवीन स्पीकर धरून, सहा हजार चारशे झाली. दादारावांनी घासाघीस केली, तेव्हा सलीमभाईंनी पाना खाली ठेवून चहा मागवला आणि दुसरं काम हातात घेतलं. पैसे पूर्ण मिळाले.

जयंतीच्या दिवशी दुपारी चार वाजता दुरुस्त अॅम्प घेऊन टेम्पो सुनंदाच्या दारात आला; प्रज्ञा आदल्या रात्रीच अकोल्याहून आली होती. कुणी माफी मागितली नाही. माफीची वाट बघावी इतकी त्या माणसांची किंमत माझ्या मनात उरलेलीही नाही. कार्यक्रमात प्रज्ञा मागच्या रांगेत, ढोलकीच्या बाजूला उभी होती. ती कशी वाजवत होती ते मी इथं वर्णन करून सांगणार नाही. माझ्या शेजारी बसलेल्या सुनंदानं पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत पदर तोंडाशी धरला होता, एवढंच सांगतो.

कार्यक्रम आटोपल्यावर दादाराव पाकीट घेऊन माझ्याकडे आले. तिचे पैसे, घेऊन ठेवा, म्हणाले. मी हात पुढे केला नाही. जिनं वाजवलं तिला द्या, एवढंच म्हणालो. ते स्टेजवर गेले. प्रज्ञानं आवाजाची बटणं एकेक करून शून्यावर आणली, वीज बंद केली, गिटारची वायर काढून गुंडाळली, मग स्पीकरची. मग अॅम्पवर पालथा हात ठेवून बघितलं. अजून गरम असावा. ती तशीच बाजूला बसून राहिली. दादाराव पाकीट धरून उभे, मंडपवाला खुर्च्या उचलतोय, टेम्पोवाला हॉर्न देतोय... बराच वेळ गेला. तिनं पुन्हा हात ठेवून बघितला, झाकण लावलं, कड्या बसवल्या आणि मग उठून पाकीट घेतलं. उघडून मोजले. बापाला मिळायचे तेवढेच, पंधराशे रुपये. प्रज्ञा यशवंत हिला, तिच्या हातात.