अक्काचे सोळा गुण

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — तुम्ही अक्काला ओळखत नाही, म्हणून धीर होतोय.

अक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा ती सातवी पास झालेली. घर सांभाळायला म्हणून शाळा सुटली ती सुटलीच. माझा दहावीचा अभ्यास मात्र तिनंच घेतला — पिंपळगाव रेणुकाईच्या घरात, एका हातानं भाकरी थापत, दुसरीकडं माझं पुस्तक उघडं ठेवून. आता ती अंकुशनगरला असते, दाजी कारखान्यात आहेत. मी नवीन जालन्यात, बियाण्यांच्या कंपनीत.

तीन वर्षांपूर्वी ती डोळे दाखवायला माझ्याकडं आली. डॉक्टरांनी थेंब घातलेले, अक्षर दिसेना. वेळ जावा म्हणून मी मोबाईलवर एक चाचणी काढली — ‘तुमची बोली कुठली?’ मी प्रश्न वाचायचो, ती उत्तर सांगायची, मी बटण दाबायचो. निकाल आला : मराठवाडा. "बराबर ओळखलं की!" म्हणून ती किती हसली. तीच चाचणी मी ऑफिसात दिली होती — सगळ्यांदेखत, पुण्याची उत्तरं दाबून. तिला काय सांगणार?

मग ती हळूच म्हणाली, "शाळंचं काही हाय का त्याच्यात? दहावीचं?"

सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचं तिच्या मनात होतं. कुणाला बोलली नव्हती. "आधी बघू तरी, डोक्यात काही उरलंय का."

मोबाईलवर दहावीचीही चाचणी होती; तीही मी आधीच देऊन बसलो होतो. वीसपैकी अकरा. पदवीधर माणूस — अकरा.

अक्का उत्तरं देत गेली. भूमितीची, विज्ञानाची, नद्यांची — माझ्या पुस्तकातलं सगळं तिच्याजवळ तसंच होतं. पडद्यावर आलं : वीसपैकी सोळा. अंधुक डोळ्यांनी ती माझ्याकडं बघत राहिली. "किती रे बापू?"

आणि मी — मी सात म्हणालो.

का? तिच्या सोळापुढं माझे अकरा कमी वाटले, एवढंच. दुसरं काही कारण शोधून सापडलं नाही.

"सात," ती म्हणाली. "बराबर हाय मंग. शाळाबी तेवढीच झाली माझी." पदर सारखा केला न् चहा टाकायला उठली. दुसऱ्या दिवशी तिला स्पष्ट दिसायला लागलं. तेव्हा तरी सांगता आलं असतं ना? मी तिला बसमध्ये बसवून आलो.

यंदा अंकुशनगरला गेलो तर भाचीनं मोबाईलवर तोच सतरा नंबरचा फॉर्म उघडलेला. "मामा, तुम्ही सांगा ना आईला. तुमचं ऐकते ती."

"न्हाई बाई," अक्का म्हणाली. "माझ्यानं न्हाई व्हायचं. बापूनं बघितलंय."

भाची माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "राहू दे. कशाला अक्काला त्रास?"

भाचीनं मोबाईल बंद केला.