ताकदीची गोळी

कटरमास्तरांना गोळ्यांचं वावडं. डोकं ठणकलं तर कपाळाला फडकं बांधतील, पण गोळी म्हटली की तोंड फिरवतील. सुटांच्या दुकानात बेचाळीस वर्षं कापड कापलेल्या माणसाशी वाद घालून उपयोग नाही, हे त्यांच्या बायकोने लग्नाच्या पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. ती घरी बसून कोटांची काजं करायची. हातात सुई असली की तोंड बंद ठेवणं सोपं जातं.

चार वर्षांपूर्वी मास्तरांचा थोरला भाऊ रक्ताची गुठळी होऊन भरल्या ताटावरून गेला आणि हिने त्याचा धसका घेतला. तिने औषधांच्या दुकानातून रक्त पातळ करणारी गोळी आणली. डॉक्टरला विचारलं नाही. शेजारणीला मानवली होती, तेवढं पुरे झालं. मास्तरांना सांगितलं, ताकदीची आहे. ताकदीला पुरुष सहसा नाही म्हणत नाहीत. रोज सकाळी चहाबरोबर ते हात पुढे करत, ती तळहातावर गोळी ठेवी.

यंदा मास्तरांच्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. करंगळीतून निघायच्या, कोपरावरून ओठापर्यंत चढायच्या आणि दहा मिनिटांत गायब. ते कुणाला बोलले नाहीत. मग एका चौकड्यांच्या कोटाच्या दोन्ही बाह्या त्यांनी डाव्याच कापल्या. साधं कापड दुहेरी घालतात, म्हणजे डावी-उजवी एकदमच निघते. चौकड्या जुळवायच्या तर कापड एकेरी पसरावं लागतं आणि दुसऱ्या बाहीला कागदी नमुना उलटा ठेवावा लागतो. तो उलटायचाच राहिला. मालक म्हणाले, "मास्तर, गिऱ्हाइकाला दोन डावे हात आहेत का?" मास्तर हसले नाहीत. बायकोला हे कळलं तशी ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली.

मेंदूच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला सरळ. पडद्यावर मेंदूचा फोटो होता आणि त्यात कडेकडेने काळे ठिपके.

"मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचत जातं," त्या म्हणाल्या. "भिंती ठिसूळ होतात, रक्त झिरपतं. हे ठिपके त्याचेच. मुंग्या, चुका, विसरणं, तेही बहुधा त्यामुळेच. साचलेलं काढून टाकायला माझ्याकडे औषध नाही. रक्तदाब सांभाळायचा, पडायचं नाही. मोठा रक्तस्राव होऊ द्यायचा नाही, सगळं त्यासाठी. रक्त पातळ करणारी गोळी घेता का?"

"मी? छे," मास्तर ऐटीत म्हणाले. "ही देते ती ताकदीची, तेवढीच."

गप्प बसावं, घरी जाऊन गोळ्या फेकून द्याव्यात, कुणाला कळणार आहे? हा विचार तिला शिवून गेला आणि तिची तिलाच लाज वाटली.

"ती ताकदीची नाही," ती म्हणाली, आणि गोळीचं नाव सांगितलं.

"आजपासून बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ठिपके गोळीनेच आले, असं कुणी सांगू शकणार नाही." गोळीने आले नाहीत, असंही त्या म्हणाल्या नाहीत.

घरी आल्यावर मास्तर "चार वर्षं माझ्या हातावर खोटं ठेवलंस," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

सकाळी चहा आला आणि त्यांनी हात पुढे केला. "आण गोळी."

चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता. दवाखान्यात गेल्याचं त्यांना आठवत होतं, तिथलं बोलणं नाही. गोळ्या संपल्यात, असं म्हणून तिला सुटता आलं असतं. तिने समोर बसून पुन्हा सगळं सांगितलं. ते पुन्हा तेवढेच रागावले आणि दिवसभर अबोला धरला. तिसऱ्या दिवशी पुन्हा हात पुढे.

मुलगी म्हणाली, "आई, साखरेची गोळी दे ना. रोज कशाला स्वतःला जाळून घेतेस?"

"एकदा फसवलं तेवढं बास," आई म्हणाली.

अधूनमधून एखाद्या सकाळी त्यांना आठवायचं, तेव्हा ते हात मागे घेत आणि तिच्याकडे बघत नसत. बाकीच्या सकाळी ती सांगे. महिनाभराने एकदा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कप खाली ठेवला. त्या दिवशी ते रागावले नाहीत, नुसते दुखावले.

"एवढी मोठी गोष्ट," ते म्हणाले, "आणि मला आज सांगतेस?"

"हो," ती म्हणाली. "चुकलं माझं."