तुझी माफी तू माग

नलिनीअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा क्षणभर मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण इथून सुरुवात केली नाही तर पुढचं सगळंच खोटं होईल. अक्का जयनगरमधल्या आमच्या घरमालकीणबाई, तळमजल्यावर राहायच्या. मी वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. गेले कित्येक महिने मी रविवारी दूध आणायला जिना उतरलो की त्या पेपरातून डोकं वर न काढता विचारायच्या, "जाऊन आलास का?" आणि मी म्हणायचो, "या आठवड्यात नक्की, अक्का." हॉस्पिटलमधून त्यांच्या भाचीचा, रेवतीचा, फोन आला आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता रविवारी मला कोणी काही विचारणार नाही. मग मी जिन्यातच बसून राहिलो...

मला जायचं होतं मंजुळाकडे. माझ्या एका चुकीचा दोष तिच्यावर आला होता, आणि चूक माझी आहे हे कळल्यावरही मी गप्प बसलो होतो. पण आधी अक्कांबद्दल सांगतो, कारण त्या कशा होत्या हे कळल्याशिवाय माझी चूक किती मोठी ते कळणार नाही.

अक्का अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका. गरीब देशांतली गरिबी आणि विषमता हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. मूळच्या निपाणीकडच्या, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड शब्द भाजीत कढीपत्ता पडावा तसे सहज पडत. मी नागपूरहून नोकरीसाठी या कन्नड मुलखात आलो आणि हे घर बघायला गेलो, तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही, कंपनी विचारली नाही. विचारलं, "घरात शेवटी कोण जेवतं?" मी गोंधळून म्हणालो, "बायको." "का?" "गरम पोळ्या करते म्हणून." "म्हणजे तुला गरम आणि तिला गार. सरी, ठीक आहे. घर देते, पण वर पाणी कमी दाबानं येतं. ऊन मात्र भरपूर आहे. खाली आम्हाला पाणी आहे, ऊन नाही. या घरात विषमता आहे, पण ती दोन्ही बाजूंनी आहे." खाली उतरल्यावर बायको म्हणाली, "बाई विक्षिप्त आहेत, पण घर इथंच घेऊ." त्या दिवसापासून आमच्याकडे पोळ्या आधी सगळ्या करून मग जेवायला बसतो. थोड्या गार लागतात. सवय झाली.

तो प्रश्न म्हणजेच त्यांचं सगळं संशोधन होतं, हे मला हळूहळू समजलं. त्या म्हणायच्या, आपण घराला गरीब म्हणतो, पण घर जेवत नाही, माणसं जेवतात. एका छपराखाली एकजण कमी गरीब असतो आणि एकजण फार गरीब, आणि दारात उभं राहून विचारलं तर पुढे येतो तो कमी गरीब. हे त्यांनी आफ्रिकेत पाहिलं होतं, बांगलादेशात पाहिलं होतं, आणि आमच्या गल्लीतही पाहत असत. परदेशातल्या मोठ्या परिषदेहून परतल्या तरी सांगायच्या ते भाषणांचं नाही, तिथे हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या बायका डबा कुठे बसून खातात त्याचं.

आणि एवढ्या मोठ्या अर्थतज्ज्ञ बाईंना घासाघीस मुळीच जमायची नाही! एकदा माझी बायको त्यांना घेऊन चिकपेटला साड्या घ्यायला गेली. बायको भाव पाडत आणत होती, तेवढ्यात अक्कांनी दुकानदाराला विचारलं, "अण्णा, या साडीत विणणाऱ्याला काय मिळालं असेल?" तो बिचारा खरं सांगू लागला. मग दुकानाचं भाडं, पोरांचे पगार, उधारीवर नेऊन न फिरकणारी गिऱ्हाइकं... अखेर अक्कांनी पहिल्या भावालाच साडी घेतली आणि वर त्यालाच कॉफी पाजली. "पुन्हा अक्कांना घेऊन जाणार नाही," असं बायको घरी येऊन म्हणाली आणि पुढच्याच सणाला पुन्हा घेऊन गेली.

अक्कांच्या सर्वेक्षणात माझा शिरकाव झाला तो एका रविवारी. घरोघर जाऊन माहिती घेणाऱ्या बायका तोवर कागदी फॉर्म भरायच्या. मी उत्साहाने म्हणालो, "टॅबवर ॲप करून देतो, अक्का. फुकट." त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं होतं की प्रश्नांना हात लावायचा नाही. त्यांची पद्धत अशी होती: घरातल्या बाईला आधी सरकारी थाटात विचारायचं, "तुम्ही काम करता का?" बहुतेक बायका म्हणतात, "नाही." मग तिच्याजवळ बसून तिचा सकाळपासूनचा दिवस विचारायचा. तेव्हा बाहेर येतं की ही उदबत्त्या वळते, ती बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून आलेले प्लास्टिकचे सुटे भाग घरी बसून जोडते. त्या "नाही" आणि या दिवसामधलं अंतर, तोच अक्कांचा अभ्यास होता.

आणि मी काय केलं? शेवटची वस्ती उरली होती, बोम्मसंद्र्याजवळची. ती एकट्या मंजुळाकडे होती. मुलाखती फार लांबतात, अशी बायकांची कुरकुर होती. मी इंजिनिअर माणूस. मला वाटलं, जी बाई "काम करत नाही" म्हणाली तिला पुढे कामाचे प्रश्न कशाला? उत्तर "नाही" आलं की ॲपने तो भाग गाळावा, असा बदल मी कुणाला न विचारता करून टाकला. नोकरीत असल्या बदलाबद्दल मला शाबासकी मिळाली असती.

सर्वेक्षण संपलं की अक्कांच्या व्हरांड्यात सगळ्या बायकांची पंगत बसायची. अक्का स्वतः वाढायच्या. त्या दिवशी बिसीबेळे भात होता. मीही जेवायला होतो. वाढता वाढता अक्का थांबल्या आणि त्यांनी मंजुळाला विचारलं, "मंजुळा, तुझ्या वस्तीत एकही बाई काही करत नाही असं आलंय. चुलीपर्यंत गेलीस ना गं, की दारातूनच परतलीस?"

मंजुळा अथणीची, सीमेवरची. तिकडच्या बायका बोलतात तशी बोलते. ती म्हणाली, "चुलीपातूर गेलो की, अक्का. टॅबनंच फुडचं इचारलं न्हाई. मला वाटलं, तुमीच काढलासा."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला तो बदल आठवला नाही. मी इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "ॲप सगळ्यांचं एकच आहे. बाकीच्यांना विचारतं आणि तिलाच कसं विचारत नाही?" इंग्रजी समजणाऱ्या दोघी-तिघी हसल्या. मंजुळाने पान तसंच ठेवलं, हात धुतला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसल्या बसल्या मला आठवलं. संध्याकाळी एक जिना उतरून सांगायचं होतं, एवढंच. पण मी काय केलं, तर गुपचूप तो बदल काढून टाकला. अक्का त्या वस्तीत स्वतः पुन्हा हिंडल्या, सगळी माहिती नव्याने घेतली, अभ्यास पुरा झाला. मी स्वतःला समजावलं, की कोणाचं काही बिघडलं नाही. बिघडलं होतं ते मंजुळाचं. असल्या कामाच्या जगात तोंडोतोंडी सगळं पसरतं. "ती दारातून परतते" असं एकदा झालं, आणि तिला दुसरीकडेही काम मिळेना. आमच्या मुलाला कोणी वर्गात उगाच चोर म्हटलं असतं तर मी शाळा डोक्यावर घेतली असती. इथे मात्र मी काही वर्षं गप्प राहिलो.

सांगितलं ते गेल्या अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या शेंगांच्या, मोसमात. अक्का व्हरांड्यात शेंगा सोलत बसल्या होत्या. मी समोर बसून सोलायला लागलो आणि कसं कोण जाणे, सगळं सांगून टाकलं. त्या सोलत राहिल्या. हातातली शेंग संपली तशी म्हणाल्या, "ऊठ. आज तुला कॉफी नाही." इतक्या वर्षांत त्या मला एवढं कडू कधी बोलल्या नव्हत्या. मी जिन्यापाशी पोचलो तोच मागून आवाज आला, "आणि सोललेल्या शेंगा ठेवून जा!"

त्याच आठवड्यात, गुडघे दुखत असताना, त्या नव्या मेट्रोने बोम्मसंद्र्याला जाऊन आल्या. परत आल्या त्या खुशीत. मंजुळाने तिथे खानावळ काढली आहे, काय भाकरी करते, काय शेंगाचटणी... मी हळूच विचारलं, "मग, सांगितलंत तिला?" त्या म्हणाल्या, "मी तिच्यावर विश्वास ठेवायला हवा होता, ठेवला नाही. त्याची माफी मागून आले. तुझं नाव मी घेतलं नाही. तुझी माफी तू माग. आणि मला गुपचूप सांगितलंस तसं नको. चार बायकांच्या देखत तिला बोललास, चार बायकांच्या देखत माग."

आणि मग ते रविवार सुरू झाले. त्या रागावल्या नव्हत्या, हसत विचारायच्या. कधी म्हणायच्या, "मेट्रो चालू आहे रे अजून, बंद नाही झाली." मीही हसायचो. जात नव्हतो. एका रविवारी त्यांनी विचारलं नाही, कारण आदल्या संध्याकाळी छातीत दुखतंय म्हणून रेवती त्यांना हॉस्पिटलात घेऊन गेली होती... पुढे फोनच आला.

अक्कांना दिवसकार्य मान्य नव्हतं. रेवतीने काही आठवड्यांनी सर्वेक्षणातल्या सगळ्या बायकांना जेवायला बोलावायचं ठरवलं आणि मला म्हणाली, "मंजुळाक्काला आमंत्रण कोण देणार?" तिला काही माहीत नव्हतं. मी म्हणालो, "मी देतो."

खानावळीत दुपारची गर्दी होती. कारखान्यातली पोरं बाकांवर दाटीवाटीने बसलेली. मंजुळाने मला पाहिलं, ओळखलं, आणि तव्यावरची नजर न हलवता म्हणाली, "बसा सर. जेवल्याबिगार हितं कोन बोलत न्हाई." मी जेवलो. गर्दी ओसरल्यावर तिला सगळं सांगितलं. ती पदराला हात पुसत ऐकत राहिली. मग म्हणाली, "अक्का म्हनल्या हुत्या, टॅबचं सांगायला येगळा मानूस येईल. म्हनलं, कोन येतंय बघू. तुमी लई उशीर केलासा की ओ."

"रेवतीने अक्कांसाठी सगळ्यांना जेवायला बोलावलंय. येशील ना?"

"मी येतो. पर हितं सांगितलासा ते थितं सांगायचं. त्या हसल्या हुत्या, त्यांच्या म्होरं."

अक्कांच्या व्हरांड्यात पंगत बसली. रेवती वाढत होती. माझं कन्नड रिक्षापुरतं, म्हणून चार वाक्यं पाठ करून गेलो होतो. उभा राहिलो आणि चारही विसरलो. बायका माझ्याकडे पाहत होत्या. मंजुळा पानावरूनच म्हणाली, "मराठीत बोला. मी सांगतो त्यास्नी कन्नडात. स्वल्प सावकाश."

मी म्हणालो, "त्या दिवशी मंजुळा खरं बोलत होती." तिने सांगितलं. एकीने घास खाली ठेवला. मी म्हणालो, "ती प्रत्येक घरात चुलीपर्यंत गेली होती." तेही तिने सांगितलं, माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात. एक म्हातारी बाई काहीतरी बोलली आणि सगळ्या हसल्या. मला कळलं नाही. मंजुळाही हसली.

मग मी म्हणालो, "ॲपमध्ये काहीतरी बदल झाला होता."

मंजुळाने पानातला घास उचलला. मी थांबलो.

"हे मी सांगनार न्हाई," ती म्हणाली. "आपोआप झाल्ता व्हय? कुनी केल्ता, ते सांगा. मग सांगतो."

व्हरांड्यात कोणी जेवत नव्हतं. मी म्हणालो, "मी केला होता. मला दुसऱ्याच दिवशी कळलं, तरी मी गप्प बसलो. मंजुळाक्का, चूक माझी होती, आणि माफ करा म्हणायलाही मी अक्का जाईपर्यंत थांबलो. मला माफ करा."

तिने ते कन्नडमध्ये सांगितलं. एक शब्दही गाळला नाही.