मावशी नक्की काय गाळते?

बॅटरीवाली मावशी दुकानामागे हातभट्टीची गाळते आणि पहिला घोट स्वतःच चाखते, म्हणून तिचा आवाज फुटक्या भोंग्यासारखा, असं गल्ली म्हणायची. सपशेल थाप. आवाज जन्मजात. आणि गाळायची ती पाणी: शेगडीवर पिंप, पिंपाला तांब्याची नळी, वाफेचं थेंब थेंब पाणी कॅनमध्ये, तिथून गाड्यांच्या बॅटरीत.

घोटाळा केला त्या एका शब्दाने. दारूबंदी खात्याचे साहेब येऊन दरडावले, "काय चाललंय?"

"दिसत नाही? गाळतेय!"

झालं! पिंप, नळी, सगळं जप्त. कॅनमध्ये निव्वळ पाणी निघालं, पण कायदा म्हणतो, भट्टी सापडली की दारू गाळली असंच धरायचं. गाळली नाही हे आरोपीने सिद्ध करायचं. नाहीतर तुरुंग, आणि दुकानाला टाळं.

तिच्या वकिलाने हात जोडले. "मावशी, कोर्टात 'गाळते' म्हणू नका. 'शुद्ध करते' म्हणा."

भाच्याने, म्हणजे अस्मादिकांनी, लगेच मावशीशीच पैज मारली: तिची जीभ घसरणार.

सरकारी वकील टकलू, त्यात सर्दी झालेले. "भट्टी तुबचीच दा?"

"हो."

"बग दारूही तुबचीच!"

"साहेब, तुमच्या खिशात कंगवा दिसतोय. म्हणून डोक्यावर केस आहेत असं धरायचं का?"

न्यायाधीशांना ठसका लागला. "कंगव्याला कलम नाही, बाई. पुरावा द्या."

मावशीने बोट दाखवलं ते थेट खात्याच्या जीपच्या ड्रायव्हरकडे. तो बिचारा पिंजऱ्यात उभा राहून कान खाजवत म्हणाला, "आमच्या सगळ्या गाड्यांत मावशीचंच पाणी. छाप्याला निघालो तेव्हाही तेच घालून निघालो."

"पण बागे दारू गाळत दव्हती कशावरूद?"

"साहेब, कॅन भरायला आमचीच माणसं जातात. दारू असती तर एक तरी कॅन ऑफिसपर्यंत पोचला असता का?"

कोर्ट खदखदून हसलं. सरकारी वकील चिडून मावशीकडे वळले. "इतकी वर्षं शेगडीपाशी बसूद दुसरं काहीच गाळलं दाही?"

"दुसरं? घाम..." मावशी थबकली. तिच्या वकिलाने डोळे मिटले. "घाम शुद्ध केला, साहेब!"

न्यायाधीशांनी हसू आवरत तिला निर्दोष सोडलं.

पैज अशी होती की हरणाऱ्याने जप्तीतलं पिंप डोक्यावरून दुकानात न्यायचं. मावशी रिकाम्या हाताने पुढे, अस्मादिक मागे, आणि रस्ताभर लोक विचारतायत, "काय रे, नवी भट्टी कुठे टाकतोयस?"