अण्णांचा दुसरा बहर

लोहाऱ्याच्या रामलिंग अण्णांचा उभा जन्म आलं पिकवण्यात गेला. त्यामुळं जमिनीखालचा कोणताही गड्डा आपल्याला विचारून वाढतो, अशी त्यांची समजूत होती. पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलानं, योगीराजनं, कुरिअरनं आयरिस या विलायती फुलझाडाचे गड्डे मागवले आणि दिवाळीत घरी आल्यावर अंगणात लावून दिले. पुढच्या वर्षी फाल्गुनात कंबरेएवढ्या दांड्यावर जांभळं फूल आलं. खालच्या पाकळ्यांवर पिवळी, केसाळ दाढी. गल्ली बघायला लोटली. त्या गर्दीत फूल कुणी लावलं होतं, हे अण्णा विसरले.

"ही जात वर्षातनं दोनदा फुलती," त्यांनी जाहीर केलं. "नवरात्रात परत या."

"आन् न्हाय फुललं तर?" शेजारच्या शिवशंकरनं विचारलं.

"तर मला अण्णा म्हणू नगंस."

शिवशंकरनं ही गोष्ट चौकातल्या हॉटेलात सांगितली. आता माघार नव्हती.

मग अण्णांनी फुलाला शिस्त लावायला घेतली. गड्ड्याची पाठ उन्हात उघडी राहू द्या, असं योगीराज बजावून गेला होता. अण्णांना ते उघडं अंग बघवेना. आषाढात त्यांनी आल्याला लावतात तशी मातीची भर लावून गड्डे पार झाकले. त्यांच्या बायकोच्या, बानूबाईंच्या, कोंबड्या ती माती उकरायच्या, म्हणून तिच्याशी भांडून भोवती जाळी ठोकली. पानं पिवळी पडायला लागली, तेव्हा आणखी भर लावली.

श्रावणात दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी योगीराज त्यांना पुण्याला घेऊन गेला. निघताना अण्णा म्हणाले, "जाळी उघडू नगंस. आन् माती टाकत ऱ्हा."

"टाकते की," बानूबाई म्हणाल्या. गाडी वळणाआड गेली तशी त्यांनी जाळी उपटून दोडक्याच्या वेलाला दिली. कोंबड्यांनी मनसोक्त उकरलं. गड्ड्यांच्या पाठी पुन्हा उन्हात आल्या.

अण्णा परतले ते घट बसल्यावर पाचव्या दिवशी, काळा चष्मा लावून. पिशवी हातात घेऊनच अंगणात गेले. पानं हिरवीगार होती आणि मधोमध एक मोडका दांडा.

"फूल कुठंय?"

"घटाला. तिसऱ्या माळंला झेंडू कमी पडला. दांड्यासकट बांधलं."

"कुणी बघितलं?"

"देवीनं."

अण्णा ओट्यावर मटकन बसले. "अगं, साऱ्या गल्लीला शब्द दिलाय म्या."

"मग बोलवा की गल्लीला आत. माळ काय दसऱ्यापातूर हालत न्हाय."

संध्याकाळी अण्णांनी शिवशंकरला हाक मारली. त्याच्यामागून गल्ली आली. चपला काढून एकेक जण देवघरात शिरला. माळेत फूल भिजल्या चिंधीसारखं लोंबत होतं; दाढी तेवढी शाबूत होती. शिवशंकरनं ती डोळे बारीक करून तपासली. पण समोर घट, दिवा तेवतोय. काही बोलायच्या आधी त्याचे हात जोडले गेले आणि तो वाकला. मागचेही वाकले.

घटाच्या शेजारी अण्णा काळा चष्मा लावून ताठ उभे होते.

"याला भर लई लागती," उठणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत होते, आणि वाकणाऱ्या प्रत्येकाला हात वर करून आशीर्वाद देत होते.